विश्वासरावांची गोळी आणि दाभोळची ३० डिसेंबर

१.
'पानिपत आपण जिंकलो असतो तर?' इतिहासाची आवड असलेले दोन मराठी तरुण एकत्र बसले की तासाभरात हा प्रश्न निघतोच. या प्रश्नावर मराठीत एक विज्ञानकथा आहे. ती अनेकांनी वाचलेली आहे आणि तिच्याविषयीची मते मात्र एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. आजचा धागा त्या कथेवर, तिच्या वाचकांवर आणि दाभोळ नावाच्या एका बंदरावर. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२.
कथेचे नाव 'गंगाधरपंतांचे पानिपत'. लेखक डॉ. जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली, तेव्हा लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून हे टोपणनाव घेतले होते. मराठी विज्ञानकथेला मोठा वाचकवर्ग मिळाला त्यात त्या एका बक्षिसाचा वाटा मोठा आहे.

३.
ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे मुंबईला निघतात आणि भलत्याच मुंबईत उतरतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे आणि ब्रिटिशांचा झेंडा फडकतो आहे. त्यांचा मुलगा ज्या कचेरीत नोकरीला आहे तिथे त्या नावाचा माणूसच कुणाला ठाऊक नाही. अस्सल इतिहासकाराप्रमाणे पंत मग ग्रंथालय गाठतात आणि स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड काढून बसतात.

४.
पहिले चार खंड ओळखीचे निघतात. पाचव्या खंडात पानिपतापाशी वाट फुटते. आपल्या इतिहासात विश्वासरावांना लागलेली गोळी त्या इतिहासात त्यांच्या कानाजवळून निघून जाते. सैन्याचा धीर सुटत नाही, अब्दाली हरतो, मराठी सत्ता देशभर पसरते आणि कंपनीच्या वाट्याला मुंबई, कलकत्ता, मद्रासभोवतीचे तुकडे तेवढे उरतात.

५.
पुढे पंत आझाद मैदानावरील सभेत शिरतात. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते. सवयीने ते जाऊन बसतात. त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणांची प्रथाच मोडीत काढलेली असते, त्यामुळे श्रोते त्यांचा यथेच्छ समाचार घेतात आणि पंत पुन्हा आपल्या जगात येतात. राजेंद्र देशपांडे हा त्यांचा मित्र मग 'कॅटास्ट्रॉफी' सिद्धान्त आणि पुंजभौतिकीतील अनिश्चितता यांच्या आधारे घडल्या प्रकाराचा अर्थ लावतो. खिशात राहून गेलेले बखरीचे एक पान हा पुरावा.

६.
एक योगायोग सांगण्याजोगा आहे. २०२१ साली नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकरच होते आणि प्रकृतीमुळे त्यांना तिथे प्रत्यक्ष जाता आले नाही. रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीची गोष्ट लिहिणाऱ्याच्या वाट्याला हे यावे! २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या पावसाळ्यात आम्ही दाभोळातल्या काही मित्रमंडळींनी ही कथा पुन्हा एकत्र वाचली. तिथे जी मते निघाली, त्यांतून हा धागा सुचला.

७.
पहिले मत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे. तो परदेशी युद्धविषयक विज्ञानकथांच्या मालिका झपाट्याने वाचून संपवणारा. त्याची तक्रार सरळ होती : "यात लढाई कुठे आहे? पानिपतावर कथा लिहायची आणि रणांगण अर्ध्या पानात उरकायचे? तोफा नाहीत, गोल नाही, गिलच्यांची शेवटची चढाई नाही. शिर्षकाने आशा लावली आणि कथेने ग्रंथालयात नेऊन बसवले."

८.
दुसरे मत एका शिक्षकांचे. ते म्हणाले, "कथा वाचून रात्रभर बरे वाटले. आपण जिंकलो, हे छापील अक्षरांत वाचायला मिळाले." हे सांगताना ते हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. १४ जानेवारी १७६१ ही तारीख मराठी मनात अजून दुखते, हे नाकारण्यात अर्थ नाही. विश्वास पाटलांची 'पानिपत' ही कादंबरी १९८८ पासून इतकी वाचली जाते, त्यालाही तोच ठणका कारण आहे.

९.
तिसरे मत अकरावीतल्या एका मुलीचे. या कथेचे इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात आहे. तिने ते अभ्यासासाठी वाचले होते. सगळ्यांचे बोलून झाल्यावर तिने विचारले, "दादा, पानिपतला जर-तर आहे. आपल्या दाभोळला का नाही? इथे तर लढाईत नसलेली माणसे मेली." या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. तिन्ही मतांचा विचार करत करत त्या उत्तरापर्यंत जाऊ.

१०.
आधी पहिली तक्रार. लढाईचा निकाल बदलून पुढचे जग रचण्याचा हा प्रकार परदेशात मालिकांच्या रूपाने फोफावला आहे. त्यातले ठळक नाव हॅरी टर्टलडव्ह. हे गृहस्थ बायझंटाइन इतिहासाचे डॉक्टरेट मिळवलेले अभ्यासक. १९९२ च्या 'द गन्स ऑफ द साउथ'मध्ये त्यांनी भविष्यातील वर्णद्वेष्ट्यांच्या हस्ते अमेरिकी यादवी युद्धातील जनरल ली याच्या सैन्याला एके-४७ रायफली पुरवल्या. कल्पना अफाट, पण कारण सरळसरळ बाहेरून आणलेले.

११.
त्यांची दुसरी मालिका आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. १९९७ ते २००७ या काळात तिचे ११ खंड आले. तिची सुरुवात अगदी लहान घटनेतून होते. सप्टेंबर १८६२ मध्ये ली याच्या लष्करी हुकुमाची एक प्रत खरोखर हरवली होती आणि तीन चिरूटांना गुंडाळलेल्या अवस्थेत ती शत्रूच्या सैनिकांना सापडली होती. टर्टलडव्ह विचारतात : ती प्रत हरवलीच नसती तर? तिथून ते पुढच्या ८० हून अधिक वर्षांचा इतिहास रचतात.

१२.
या मालिकेच्या वाचकांत दोन तट आहेत. एकाला तोफा, डावपेच, गणवेश यांचा तपशील हवा असतो आणि तो मिळाल्याने तो खूश असतो. दुसऱ्याची तक्रार अशी की उत्तरार्धात लेखकाने युरोपातल्या विसाव्या शतकाच्या घटना उचलून अमेरिकेवर बसवल्या. वाट बदलली, मुक्काम मात्र ओळखीचेच राहिले. ही दुसरी तक्रार मला महत्त्वाची वाटते. पहिली ठिणगी खरी असली तरी पुढची आग कशी पसरली, हे दाखवावे लागते.

१३.
नारळीकरांची कथा या कसोटीवर कशी उतरते? अभियांत्रिकीवाल्या मित्राला लढाई अपुरी वाटली, कारण त्याने ती रणांगणावर शोधली. कथेतील खरा निर्णायक भाग गोळीनंतर येतो. त्या जगातले पेशवे नव्या यंत्रयुगाचे महत्त्व ओळखून विज्ञान-तंत्रज्ञानाची स्वतःची केंद्रे उभी करतात. कंपनीचे तज्ज्ञ घेतात तेही ती केंद्रे स्वावलंबी होईपर्यंतच. घरातली भाऊबंदकी आवरली जाते, दादासाहेब बाजूला पडतात. हे सगळे दोन-चार वाक्यांत येऊन जाते आणि वाचकाच्या नजरेतून सुटते.

१४.
आता शिक्षकांच्या समाधानाकडे. जर-तरचा इतिहास हा प्रकार फार जुना. रोमन इतिहासकार लिव्ही याने आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात मूळ कथन थांबवून प्रश्न घातला : सिकंदर पूर्वेऐवजी पश्चिमेला वळून रोमवर चालून आला असता तर? बराच ऊहापोह करून लिव्हीने निकाल दिला की रोमच जिंकला असता. न झालेल्या लढाईत लेखकाने आपल्या बाजूला विजयी केल्याचे हे एक फार जुने उदाहरण म्हणता येईल.

१५.
विसाव्या शतकात या खेळाला प्रतिष्ठा आली. १९३१ साली जे. सी. स्क्वायर यांनी संपादित केलेल्या निबंधसंग्रहात विन्स्टन चर्चिल यांनी गेटिसबर्गची लढाई ली जिंकला आहे असे धरून, त्या बदललेल्या जगातल्या लेखकाच्या भूमिकेतून लिहिले. उलट ई. एच. कार यांनी 'इतिहास म्हणजे काय' या १९६१ च्या ग्रंथात जर-तरला दिवाणखान्यातली करमणूक ठरवले. घडलेल्या घटनांवर ज्यांना पश्चात्ताप होतो, तेच असे प्रश्न विचारतात, असा त्यांच्या टीकेचा आशय होता.

१६.
कारसाहेबांची टीका बोचरी आहे आणि बरीचशी खरी आहे. आपण 'पानिपत जिंकलो असतो तर' विचारतो. पण 'पालखेडला निजाम जिंकला असता तर' फारसे कुणी विचारत नाही. जिथे जखम आहे तिथेच प्रश्न येतो. पण म्हणून प्रश्नच टाकून द्यावा का? 'अमुक कारणामुळे तमुक घडले' असे आपण म्हणतो, तेव्हा 'ते कारण नसते तर तमुक घडले नसते' हे गृहीतच असते. प्रत्येक कारणमीमांसेच्या पोटात एक जर-तर दडलेला असतो.

१७.
तेव्हा प्रश्न टाकण्याऐवजी त्याला शिस्त लावावी. अभ्यासकांच्या चर्चांतून निघणारे तीन नियम मी वापरतो. पहिला, बदल शक्य तितका लहान असावा. दुसरा, तो पर्याय त्या काळच्या माणसांपुढे खरोखर असावा. नाइल फर्ग्युसन यांनी १९९७ च्या आपल्या संपादित ग्रंथात याच अटीवर भर दिला आहे. तिसरा, बाकीचे जग जसेच्या तसे ठेवावे. आपल्या सोयीसाठी एकाच वेळी दहा गोष्टी बदलू नयेत.

१८.
हे नियम पानिपताला लावून पाहू. गोळी हुकणे हा लहान बदल. पहिला नियम पाळला. पण विश्वासराव पडले ते दुपारी, आणि सैन्य उपाशी होते ते कित्येक आठवड्यांपासून. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांची दिल्लीकडील वाट तुटली. रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. सूरजमल जाट आधीच निघून गेला होता. छावणीत हजारो यात्रेकरू आणि बुणगे होते. एक गोळी हुकून यांतले काहीच बदलत नाही.

१९.
त्या दिवसाचा निकाल मात्र खरोखर अधांतरी होता. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी रोहिल्यांची दाणादाण उडवली होती, भाऊसाहेबांनी अफगाण फळीचा मध्य मागे रेटला होता. अब्दालीने राखीव सैन्य आणि उंटांवरच्या जंबुरका पुढे घातल्या तेव्हा पारडे फिरले. त्या घटकेला विश्वासराव दिसत राहिले असते तर सैन्य टिकले असते, ही शक्यता नाकारता येत नाही. नारळीकरांनी नेमकी तीच घटका निवडली, यात त्यांचा इतिहासाचा अभ्यास दिसतो.

२०.
पण पुढे? हरूनही मराठे १७७१ मध्ये दिल्लीत परतले. जिंकूनही अब्दाली १७६१ च्या मार्चमध्येच परत फिरला. आणि प्लासी १७५७ मध्येच होऊन गेली होती. बंगालच्या महसुलाचा ओघ कंपनीकडे वळण्याचा पानिपतच्या गोळीशी संबंध नव्हता. म्हणून कथेतल्या विजयाला पेशव्यांनी उभारलेल्या विज्ञानकेंद्रांची जोड लागते. शिक्षकांना मी एवढेच म्हणालो : "सर, त्या जगात आपण पानिपतावर वाचलो, पण जिंकलो ते त्यानंतरच्या शंभर वर्षांत, प्रयोगशाळांत आणि शाळांत." ते म्हणाले, "हे दुखण्यावर औषध नाही, गृहपाठ आहे." तेही खरेच.

२१.
आता त्या मुलीचा प्रश्न. दाभोळ म्हटले की आज अनेकांना वीज प्रकल्प आठवतो. तो वास्तविक खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ आहे. मूळ दाभोळ अलीकडे, दापोली तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाशी. धोपाव्याला जाणारी फेरीबोट जिथे लागते त्या परिसरात शाही मशिदीचे घुमट आणि मिनार दिसतात. बंदराच्या वैभवाची ही खूण आदिलशाही काळातली, पण आपण ज्या दिवसाविषयी बोलणार आहोत त्याच्या नंतरची. त्या दिवसाआधीचे शहर जवळजवळ काहीच उरलेले नाही.

२२.
ते शहर मोठे होते. १४७० च्या आसपास भारतात आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन परतीच्या प्रवासाला दाभोळहूनच निघाला. अरबस्तान, खुरासान, मिसर येथून घोडे उतरणारे मोठे बंदर म्हणून त्याने दाभोळची नोंद केली आहे. बहमनी आणि पुढे आदिलशाही दख्खनला समुद्राशी जोडणारी ही एक मुख्य वाट होती. घाटावरचे कापड खाली यायचे, घोडे आणि धातू वर जायचे. मक्केचे यात्रेकरूही इथूनच गलबतावर चढत.

२३.
मार्च १५०८. चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलूक सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या नेतृत्वाखाली आणि त्याच्या मदतीला दीवचा मलिक अयाझ. समोर पोर्तुगीज तुकडी, तिचा प्रमुख व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो. माघार घेताना लोरेन्सोचे जहाज कोळ्यांनी जाळी बांधण्यासाठी रोवलेल्या खुंटांत अडकले आणि तो तिथेच मारला गेला. ते खुंट रोवणाऱ्या कोळ्यांना या युद्धाशी काही देणेघेणे नव्हते.

२४.
डिसेंबर १५०८ च्या पहिल्या आठवड्यात कण्णूरला एक विलक्षण प्रसंग घडला. होर्मुझहून आलेल्या अफोन्सो द आल्बुकर्कने राजाचा हुकूम पुढे केला : आल्मेदाची मुदत संपत आली असून कारभार आपल्या हाती द्यावा. आल्मेदाने नकार दिला. मुलाच्या मृत्यूचा सूड घेतल्यावाचून तो जागा सोडणार नव्हता. सुमारे दीड डझन जहाजे घेऊन तो उत्तरेकडे निघाला. त्याचे शत्रू दीवला होते. वाटेत दाभोळ लागले.

२५.
३० डिसेंबर १५०८ च्या सुमारास पोर्तुगीज सैन्य दाभोळला उतरले. किनाऱ्यावरचा बचाव मोडला. त्यानंतर जे झाले ते खुद्द पोर्तुगीज इतिवृत्तांतच नोंदलेले आहे : स्त्रिया, मुले, म्हातारे, जनावरे, काहीही वाचले नाही, शहर आणि बंदरातली गलबते जाळली गेली. 'दाभोळवर कोसळला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर कोसळो' अशा अर्थाचा शाप पुढे लोकांच्या तोंडी रुळल्याचे सांगितले जाते. पाच आठवड्यांनी, ३ फेब्रुवारी १५०९ रोजी, आल्मेदाने दीवची लढाई जिंकली. जगाच्या इतिहासात नाव त्या लढाईचे राहिले.

२६.
मग लावू या तीन नियम. बदल एकच : कण्णूरला आल्मेदा राजाज्ञा मानतो आणि कारभार सोपवतो. हा पर्याय त्याच्यापुढे कागदावर, राजमुद्रेसह होता. दुसरा नियमही पाळला गेला. पानिपतच्या गोळीत दैवाचा भाग आहे. इथे दैव नाही, एका माणसाचा निर्णय आहे. म्हणून जर-तरच्या दृष्टीने दाभोळचा प्रश्न पानिपतापेक्षा अधिक भक्कम आहे, असे माझे मत आहे.

२७.
काय झाले असते? बाकीचे जग तसेच ठेवू. आल्बुकर्क आल्मेदापेक्षा मवाळ नव्हता. पोर्तुगीज जहाजांवरच्या जड तोफा तशाच राहतात. काथ्याने शिवलेल्या गलबतांना तसल्या तोफांचा धक्का सोसत नाही, हेही तसेच. समुद्रावर परवान्याची सक्ती तशीच. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि अरबी घोड्यांचा व्यापार जबरदस्तीने तिकडे वळवला. तेही बहुधा घडलेच असते. म्हणजे बंदर म्हणून दाभोळचे महत्त्व थोड्याफार फरकाने तसेच ओसरले असते.

२८.
खऱ्या इतिहासातही दाभोळ पुन्हा वसले, व्यापार पुन्हा सुरू झाला, १६६० च्या सुमारास शिवाजी महाराजांनी ते घेतले. साम्राज्यांच्या हिशेबात ३० डिसेंबरने फारसे काही बदलले नाही. मग हा जर-तर निरर्थक ठरतो का? इथे मला त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. आपण जर-तर विचारतो तो सत्ता कुणाची झाली असती यासाठी. म्हणून ज्या घटनेने सत्तेचा तोल बदलत नाही, तिच्यावर कथा लिहिली जात नाही.

२९.
पण आल्मेदाने हुकूम मानला असता तर दाभोळच्या बाजारातली, धक्क्यावरची, घराघरातली ती सारी माणसे ३१ डिसेंबरला उठली असती. कुणी होडीला डांबर लावले असते, कुणी घोड्यांना वैरण घातली असती. नकाशा बदलला नसता, माणसे असती. त्यांची नावे आपल्याकडे नाहीत. त्यांच्यासाठी रडणारा बखरकार नव्हता. विश्वासरावांची गोळी मोजायला आपण शिकलो. या माणसांना मोजण्याची सवय आपल्या जर-तरला अजून लागलेली नाही.

३०.
आणखी एक कडवट गोष्ट. आल्मेदा सूड घेऊन परतीला निघाला आणि १ मार्च १५१० रोजी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ, टेबल बे येथे, स्थानिक खोईखोई लोकांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. यात दैवी न्याय शोधण्याचा मोह होतो. मी तो टाळतो. त्याच्या मरणाने दाभोळात कुणी परत आले नाही आणि इतिहास असा हिशेब चुकता करत नाही.

३१.
तर आमच्या बैठकीतल्या मतांचा निकाल. रणांगण कमी आहे म्हणणाऱ्या मित्राने कथा दुसऱ्यांदा वाचली आणि विज्ञानकेंद्रांवरच्या त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ ओढली. तरी 'लढाई हवीच होती' हे त्याचे मत कायम आहे. शिक्षकांना कथा आजही तितकीच प्रिय आहे, आणि ती असावी. दुःखावर फुंकर घालणे हेही साहित्याचे काम आहे. फक्त फुंकर आणि पुरावा यांची गल्लत होऊ देऊ नये. गंगाधरपंतांनी खिशातले पान तपासून पाहिले, तसे आपणही पाहावे.

३२.
आणि ती मुलगी दाभोळवर कथा लिहिते आहे. तिच्या कथेत लढाई नाही. चौलच्या खाडीत एक कोळी खुंट रोवायला निघतो, पण त्या दिवशी त्याचे पोर तापाने फणफणलेले असते, म्हणून तो घरीच थांबतो. पुढे दाभोळात ३१ डिसेंबरची सकाळ उजाडते, एवढेच. मी तिला तीन नियम समजावून सांगायला गेलो होतो. तिने ते न सांगताच पाळले होते.

३३.
तुमच्या गावाचा जर-तर कोणता? जिथे राज्य बदलले नाही, पण माणसे वाचली असती, असा एखादा दिवस तुमच्या गावाच्या इतिहासात असेल तर खाली जरूर लिहा. तारीख आणि बदल एकच, एवढी अट. पुढचा धागा तुमच्या उत्तरांवर.